बर्फ मोजणारं एफएमआयप्रॉट, मिठागराच्या बांधावरून

एफएमआयप्रॉट हे फिनलंडच्या हवामान संस्थेने तयार केलेलं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्याचे शेकडो फोटो त्याला द्यायचे आणि फोटोतल्या आखून दिलेल्या तुकड्यावर किती टक्के बर्फ आहे ते त्याने तारीखवार काढून द्यायचं, हे त्याच्या कामांपैकी एक. झाडांचा हिरवेपणा मोजणं, फोटो जोडून चलचित्र करणं हीही कामं ते करतं. इथे मात्र फक्त बर्फाच्या मोजणीचं परीक्षण आहे, आणि तेही मिठावर लावून.

मिठावर का, तर सॉफ्टवेअरला बर्फ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. गडद जमिनीवर पसरत जाणारा पांढरा थर तेवढा त्याला कळतो. पेण-उरणच्या खाडीकाठी, तिकडे खाली १९३०च्या सत्याग्रहाने नाव झालेल्या शिरोड्याला, डिसेंबर ते मे या काळात वाफ्यावाफ्यात हेच घडत असतं. कुठला वाफा किती दिवसांत भरला, काढणीनंतर पुन्हा थर धरायला किती दिवस लागले, अवकाळी पावसाने नेमकं कधी आणि किती मीठ विरघळलं, याची तारखेसह नोंद बहुतेक मिठागरांवर कुणाकडे नसते. कॅमेरा ही नोंद ठेवू शकतो. उपग्रहावरून हे जमत नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा असतो, त्यात एखादा छोटा वाफा आख्खा आणि वर त्याचे बांधही मावतात. शिवाय तो पाच दिवसांनी एकदा येतो, आणि तेवढ्यात वाफ्याचं रूप पालटलेलं असतं.

निकाल आधीच सांगतो. मीठ मोजायला एफएमआयप्रॉट चालतं, कॉलेजच्या प्रकल्पाला तर उत्तम. पण कॅमेरा कुठे तोंड करून लावला आणि दिवसातले कुठले फोटो घेतले यावर सगळं अवलंबून आहे. हे चुकलं तर सॉफ्टवेअर कसलीही तक्रार न करता सुबक आलेख काढून देईल आणि तो पूर्ण चुकीचा असेल.

आत काय चालतं

बर्फासाठी यात वापरलेली पद्धत इटलीतल्या साल्वातोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली आहे. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. ही पद्धत फक्त निळा आकडा बघते. माती, दगड, वाळलं गवत हे निळा प्रकाश फार कमी परत पाठवतात. बर्फ तिन्ही रंग जवळजवळ सारखेच परततो. त्यामुळे बर्फ आणि जमीन यांच्यातला फरक निळ्यात सगळ्यात ठसठशीत दिसतो.

मग सॉफ्टवेअर त्या तुकड्यातल्या सगळ्या निळ्या आकड्यांचा स्तंभालेख करतं, म्हणजे कुठला आकडा किती ठिपक्यांना आहे त्याचं चित्र, त्याचे खाचखळगे गुळगुळीत करतं आणि १२७ पासून वर जाताना पहिली दरी कुठे लागते ते शोधतं. दरीच्या वरचे ठिपके बर्फ, खालचे जमीन. दरी सापडलीच नाही तर १२७ हीच सीमा. समजा चिखलाचा उंचवटा ६०च्या आसपास आहे, मिठाचा २००च्या आसपास आणि मधली दरी १४० वर, तर १४०च्या वरचं सगळं मीठ धरलं जातं. एवढंच आहे. पण या साधेपणामुळे चूक कुठे होणार ते आधीच ओळखता येतं, आणि हा आम्हाला या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो.

मीठ या परीक्षेत बर्फासारखंच वागतं. ताज्या मिठाचे तिन्ही रंग जवळपास सारखे असतात आणि खालची खाडीची माती काळपट. पेच वेगळीकडे आहे. बर्फ उघड्यावर पडलेला असतो, आणि मीठ काढणीपर्यंत पाण्याखाली असतं.

पाण्यात उतरलेलं आकाश

मिठागरावर या पद्धतीची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. वाफ्यात दोन-चार बोटं खारं पाणी उभं असतं. त्यात आकाश दिसतं. आकाश निळं, म्हणजे निळा आकडा मोठा, आणि सॉफ्टवेअर तर निळाच आकडा बघणार. परिणामी मिठाचा कणही नसलेला, नुकता भरलेला वाफा ऐंशी टक्के ‘बर्फाने’ झाकलेला आहे असं उत्तर येऊ शकतं.

हा दोष वाफ्याच्या सगळ्या भागात सारखा नसतो. पाण्याकडे जितकं तिरपं बघाल तितकं ते आरशासारखं होतं. कॅमेरा ४ मीटर उंचीवर असेल तर ५ मीटर अंतरावरच्या पाण्यातून आकाशाचा प्रकाश तीन-चार टक्केच परततो आणि तळाचं मीठ स्वच्छ दिसतं. १२ मीटरवर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या घरात जातं, २५ मीटरवर एक तृतीयांशाच्याही पुढे. म्हणून ४ मीटरच्या खांबावरून १२ मीटरच्या पलीकडचं मोजू नये. लांबचे वाफे फोटोत येऊ द्या, डोळ्याने बघायला बरे. मोजणीच्या चौकटीत मात्र घेऊ नका.

दुसरा उपाय कॅमेऱ्याच्या तोंडाचा. तोंड उत्तरेला ठेवा. मिठाच्या हंगामात मेच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य दक्षिणेलाच असतो. शिरोड्याला तो डोक्यावर येतो मेच्या पहिल्या आठवड्यात, पेणला महिन्याच्या मध्याला. उत्तरेकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या समोर सूर्य कधी येतच नाही, त्यामुळे पाण्यावरची डोळे दिपवणारी चकाकी टळते. यात दुसराही फायदा आहे. सूर्याकडे पाठ केली की समोरचं आकाश गडद निळं असतं. अशा आकाशाच्या प्रतिबिंबात निळा आकडा लालपेक्षा बराच मोठा निघतो, तर मिठात दोन्ही जवळपास सारखे. म्हणजे ‘निळा मोठा आहे, पण लाल त्याच्या फार मागे आहे’ असे ठिपके वगळले की पाणी गळून पडतं. पश्चिमेला तोंड केलं तर सूर्याभोवतीचं पांढुरकं आकाश पाण्यात उतरतं आणि ही खूण पुसली जाते. समुद्र बरा दिसतो म्हणून पश्चिमेकडे कॅमेरा लावण्याचा मोह होतो, तो टाळा.

निळ्यातून लाल वजा करण्याची ही सोय बर्फाच्या पद्धतीत नाही, आणि तिथे नसणंच योग्य आहे. डोंगरात सावलीतल्या बर्फावर फक्त आकाशाचा उजेड पडतो, म्हणून तोच निळसर दिसतो. तिथे ही गाळणी लावली तर खरा बर्फच बाहेर जाईल. मिठागरावर डोंगराची सावली नाही, बांध गुडघ्याएवढे, त्यामुळे इथे ती बिनधास्त वापरता येते. मात्र ती बाहेरून जोडावी लागते. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातून फोटोंवर काम करणारं ओपनसीव्ही हे साधन येणाऱ्या विद्यार्थ्याला पंधरा-वीस ओळींचं काम आहे.

ढगाळ दिवशी हीही युक्ती चालत नाही. आकाशच करडं-पांढरं, प्रतिबिंबही तसंच. असे दिवस सरळ वगळा. हंगामात ते थोडेच असतात. अवकाळीच्या दिवसांत मात्र आकडा न बघता फोटो डोळ्याने बघा.

फिरत्या काचेचा पोलरायझर लावून प्रतिबिंब मारता येतं का? येतं, पण सुमारे ३७ अंश खाली बघताना सगळ्यात चांगलं. ४ मीटर उंचीवरून ते अंतर पडतं साधारण सव्वापाच मीटर, जिथे मुळात प्रतिबिंबाचा त्रासच कमी. ट्रेल कॅमेऱ्याला, म्हणजे जंगलात प्राण्यांचे फोटो काढायला बांधून ठेवतात तसल्या बॅटरीवरच्या कॅमेऱ्याला, तो बसवायला आटेही नसतात. आमच्या मते त्याच्यावर पैसे घालू नयेत.

कॅमेरा स्वतःच उजेड बदलतो

बदलत्या उजेडाचा दोष लोक सूर्याला देतात. निम्मा दोष कॅमेऱ्याचा असतो. स्वयंचलित कॅमेरा प्रत्येक फोटो सरासरी मध्यम करडा दिसेल असा घेऊ बघतो. वाफा काळा असताना तो उजेड वाढवतो, वाफा पांढरा होत गेला की कमी करतो. म्हणजे मीठ जसं वाढतं तसा मिठाचाच निळा आकडा खाली घसरतो, २२०वरून १५०, १४० असा.

आणि मग काढणीच्या तोंडावर, वाफा काठोकाठ पांढरा असताना, घोळ होतो. स्तंभालेखात आता एकच उंचवटा उरलेला आहे, तो १४०च्या आसपास, आणि सॉफ्टवेअर १२७ पासून दरी शोधत निघालंय. त्या उंचवट्याच्या अंगावरचा एखादा किरकोळ खळगा त्याला दरी वाटतो. निम्मं मीठ वर, निम्मं खाली. आलेखात शंभरच्या जवळ गेलेली रेषा एकाएकी पन्नासवर कोसळते. हे पाहून कुणाला वाटेल की मीठ काढलं. वाफ्याला तर कुणी हातही लावलेला नाही.

यावर दोन गोष्टी करा. मोजणीच्या चौकटीत काळ्या मातीच्या बांधाची एक पट्टी मुद्दाम घ्या, चौकटीच्या साधारण पाचवा हिस्सा. मग स्तंभालेखाला कायम दोन उंचवटे राहतात आणि दरी खरी सापडते. ती पट्टी किती टक्के आहे ते माहीत असल्याने नंतर हिशेबातून वळती करता येते. दुसरं, फोटोच्या कडेला येईल असा एक पांढरा फलक रोवा, दीड फूट बाय दीड फूट, मॅट पांढऱ्या ऑइल पेंटचा. चकचकीत रंग नको. फलकाभोवती वेगळी चौकट आखा आणि रंगाच्या सरासरीची मोजणी लावा, ती एफएमआयप्रॉटमध्ये आहेच. फलकाचा निळा आकडा २५५ला टेकला तर फोटो जळलेला, १५०च्या खाली गेला तर अंधारलेला. दोन्ही फेका. फलकावर मिठाचे शिंतोडे आणि धूळ बसते, आठवड्याला गोड्या पाण्याने धुवा.

बांधाजवळ वीज असेल तर ट्रेल कॅमेऱ्याऐवजी साधा आयपी सीसीटीव्ही कॅमेरा कितीतरी बरा, कारण त्यात शटर आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे फोटोचे रंग सावरण्याची सोय) दोन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करता येतात. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर राहिला तर कॅमेरा निळा आकडा आपल्या मनाने वरखाली करतो, आणि आपली सगळी मोजणी त्याच आकड्यावर. झाडांच्या रंगाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या फेनोकॅम जाळ्यात व्हाइट बॅलन्स पक्का ठेवतात तो याचसाठी. सीसीटीव्हीमधली डब्ल्यूडीआर ही सोय बंद करा. ती फोटोच्या उजळ आणि काळ्या भागांना वेगवेगळं सावरते, दिसायला छान, मोजायला घातक.

वेळेबद्दल थोडक्यात: सकाळी १० ते दुपारी ३. त्याआधी आणि नंतर उजेड तांबूस, म्हणजे निळा कमी, म्हणजे मीठ असून नसल्यासारखं. या बाबतीत आपण फार सुखी आहोत. हेलसिंकीला डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम साडेसहा अंश चढतो. शिरोड्याला त्याच दिवशी ५० अंशांच्या वर असतो.

खांब, डबा, काच

खांबाला लोखंडी पाइप नको, दोन हंगामांत गंजून जातो. सुरूचा सरळ वासा घ्या, बुंधा डांबरात बुडवलेला, निदान सव्वा मीटर जमिनीत. बांधाची माती भिजली की बसते आणि वासा कलतो, म्हणून तीन बाजूंनी नायलॉनच्या दोरीचे ताण द्या. खांब एक अंश कलला तरी चौकट वाफ्यावरून सरकून बांधावर जाते. दुपारच्या वाऱ्यात वासा डुलतोच, त्यासाठी चौकट वाफ्याच्या कडेला चिकटवून आखू नका, आत जागा सोडा. स्क्रू-क्लॅम्प ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे. बाजारात मिळणारं साधं स्टेनलेस बहुधा ३०४ असतं, त्यावरही खाऱ्या वाऱ्याने तांबूस ठिपके येतात.

काचेकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या. रात्री दव पडतं, काचेवरचं बारीक मीठ ते ओढून घेतं, सकाळी उन्हाने पाणी उडून जातं आणि मिठाचा दुधट पापुद्रा मागे राहतो. फोटो धुक्यातला असावा तसा फिका येतो, चिखलाचा आकडा वर चढतो, मिठाचा खाली येतो, दोन उंचवटे एकमेकांत मिसळतात आणि दरी नाहीशी होते. हे रोज थोडं थोडं होत असल्याने पटकन लक्षात येत नाही. बांधाची ती काळी पट्टी इथेही कामाला येते. तिचा निळा आकडा आठवड्या-आठवड्याला चढत असेल तर काच मळली म्हणून समजा. काच कोरड्या फडक्याने कधीही पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोडं पाणी ओता, थर विरघळू द्या, मग मऊ फडकं. डब्याच्या रबरी कडीला सिलिकॉन ग्रीस लावा आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवा.

दहा मिनिटांना एक फोटो पुरे. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार धरले तर दिवसाला ४९ फोटो, एकेक साडेतीन एमबीचा, म्हणजे रोज १७० एमबी. ३२ जीबीचं कार्ड आख्खा हंगाम पुरतं. कॅमेऱ्यावर २० किंवा ३० मेगापिक्सेल लिहिलेलं असलं तरी ५वर ठेवा. स्वस्त ट्रेल कॅमेऱ्यात त्यावरचे ठिपके फुगवून भरलेले असतात, त्याने फाइल वाढते, माहिती वाढत नाही.

संगणकावरचं काम

विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. सगळं इंग्रजीत आहे, आणि पहिली ठेच लागते फाइलच्या नावाला. एफएमआयप्रॉट तारीख आणि वेळ फाइलच्या नावातून वाचतं. ट्रेल कॅमेरा फोटोंना नुसते क्रमांक देतो आणि क्रमांक संपले की नव्या फोल्डरमध्ये तीच नावं पुन्हा. आधी एक्झिफटूल या फुकटच्या साधनाने प्रत्येक फोटोच्या पोटातली तारीख काढून ती नावात घाला: कॅमेऱ्याचं नाव, वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद. तोच क्रम सॉफ्टवेअरला कळवायचा. बॅटरी बदलताना काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर उडी मारतं, म्हणून प्रत्येक वेळी मोबाइलचं घड्याळ पडद्यावर दाखवून एक फोटो काढून ठेवा. चूक झाली तर त्यावरून सगळ्या वेळा सरकवता येतात.

मग फोल्डर जोडा, तारखा आणि दिवसातली वेळ निवडा, जास्त अंधारे-उजळ फोटो गाळण्याच्या मर्यादा घाला, नमुन्याच्या फोटोवर टिचक्या मारत चौकटी आखा, बर्फाच्या आच्छादनाची मोजणी निवडा आणि चालू करा. चौकटीचा आकार कसाही वेडावाकडा चालतो, आणि एकापेक्षा जास्त चौकटी आखता येतात. उत्तर येतं आलेख आणि आकड्यांची फाइल असं. ती फाइल एक्सेलमध्ये घेऊन प्रत्येक दिवसाचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा, सरासरी नको. जानेवारीत वाफ्यावर बगळे आणि कुरवांचे थवे उतरतात, आणि पांढरा पक्षी सॉफ्टवेअरला मीठच वाटतो. तो वीस मिनिटांत उडून जातो. मध्यकावर त्याचा परिणाम होत नाही, सरासरीवर होतो. बांधावरच्या मिठाच्या राशी मात्र महिनाभर हलत नाहीत, त्या चौकटीबाहेरच ठेवा.

आता टक्क्यांचा अर्थ. साध्या मोजणीत सॉफ्टवेअर ठिपके मोजतं, चौरस मीटर मोजत नाही. ४ मीटर उंचीवरून पाहताना ५ मीटरवरचा एक चौरस मीटर फोटोत जेवढे ठिपके व्यापतो, त्याच्या साठाव्या हिश्शाएवढेच २५ मीटरवरचा व्यापतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या पायाशी मीठ धरलं तर टक्के झरझर चढतात आणि पलीकडच्या कोपऱ्यात धरलं तर हलतसुद्धा नाहीत. डोंगरउतारावर बर्फ मोजणाऱ्यांना यासाठी उंचसखलपणाचा नकाशा लागतो. २०१३ मध्ये आलेलं प्रॅक्टाइझ नावाचं साधन हेच करतं, आणि त्याच्या २०१६च्या आवृत्तीत सावलीतल्या बर्फाची वेगळी सोयही आहे. पण ते मॅटलॅब या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि मॅटलॅब विकत घ्यावं लागतं. मिठाचा वाफा पाणसळीने पाहिल्यासारखा सपाट, त्यामुळे इतक्या खटाटोपाची गरज नाही. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोका, टेपने अंतरं घ्या आणि ओपनसीव्हीच्या चार बिंदूंच्या रूपांतराने फोटो वरून पाहिल्यासारखा सरळ करा. मग एक ठिपका म्हणजे सगळीकडे सारखंच क्षेत्रफळ. हे करणं शक्य नसेल तर वाफ्याला कॅमेऱ्यापासून तीन आडव्या पट्ट्यांत विभागा, प्रत्येकीची चौकट वेगळी आखा आणि टक्के त्या त्या पट्टीच्या खऱ्या क्षेत्रफळाने गुणून बेरीज घ्या.

कुठल्या वाफ्याकडे कॅमेरा रोखायचा, हेही महत्त्वाचं. पाणी २५ डिग्री बोमेला (बोमे म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दाटपणाचं माप) पोचल्यावर मीठ धरतं. त्याआधीच्या, नुसतं पाणी आटवण्याच्या वाफ्यांत जिप्सम बसतं. तेही फिकट. सॉफ्टवेअर ते मीठ म्हणून दाखवील. डिग्री मापकाने दिवसाआड घेतलेली नोंद आलेखाशेजारी ठेवली की कुठला पांढरेपणा खरा ते लगेच कळतं. मीठ धरायला लागतं तेव्हा दुपारी वारा पडलेला असला तर पाण्यावर आधी पातळ साय येते, नखाएवढ्या चौकोनी पापुद्र्यांची, आणि झुळूक आली की ती एका काठाला जाऊन गोळा होते. आलेखात दुपारी दोनला टक्के उंच आणि अडीचला खाली असं दिसलं तर ती बहुधा ही साय असते. तेव्हाचे फोटो फेकू नका. वाफा तयार होत आल्याची ती पहिली खूण आहे, आणि दहा मिनिटांच्या अंतराने फोटो घेण्याचं खरं चीज इथे होतं.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गडबड होते. कच्च्या रस्त्याची तांबडी धूळ वाऱ्याने येऊन मिठावर बसते. या मातीतलं लोह निळा प्रकाश गिळतं, म्हणून मीठ जागच्या जागी असूनही निळा आकडा उतरतो. दाट खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे काही वाफे गुलाबी होतात, तिथेही तोच परिणाम. हिमालयातल्या धुळकट, जुन्या बर्फाची मोजणी याच कारणाने कमी येते. यासाठी उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात निळ्याऐवजी लाल आकड्यावर सीमा लावून पाहा. तांबडी माती लालमध्ये मिठाच्या जवळ जाते, काळा चिखल तसाच खाली राहतो. हेही पायथनवर.

ज्याला पायथन येतं त्याने एफएमआयप्रॉट घ्यावं का? आमच्या मते पहिला हंगाम घ्यावं. फोटो गाळणं, चौकटी आखणं, तारखा सांभाळणं ही कंटाळवाणी कामं ते चोख करतं, आणि बर्फाची पद्धत कुठे चुकते ते त्यावर पटकन दिसतं. दुसऱ्या हंगामापासून निळा-लाल गाळणी आणि चार खुंट्यांचं रूपांतर स्वतःचं लिहावं. पायथन न येणाऱ्या मिठागरवाल्यांना टक्क्यांचा नाद न करता रोज दुपारी बाराच्या एका फोटोचं चलचित्र करून ठेवण्याचा सल्ला देऊ. तेही हेच सॉफ्टवेअर करून देतं. नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हा पावसाच्या आदल्या आणि नंतरच्या दुपारचे दोन फोटो शेजारी ठेवता आले तर बोलणं सोपं होतं.

खर्च: सॉफ्टवेअर फुकट. कॅमेरा, वासा, फलक, कार्ड हाच काय तो. बॅटऱ्या सोडल्या तर चालू खर्च नाही.

मेच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या आधी, कॅमेरा उतरवा. आतल्या बॅटऱ्या काढा, डबा गोड्या पाण्याने पुसा, नवी सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वासा तसाच राहू द्या, पण त्यावर कॅमेरा कुठल्या उंचीला आणि कुठल्या कोनात होता त्याच्या खुणा रंगाने करा. पुढच्या डिसेंबरात तो तिथेच बसला तर चौकटी नव्याने आखाव्या लागत नाहीत आणि दोन हंगामांचे आकडे शेजारी ठेवता येतात.